जलोदराच्या पाण्यात बुडवायच्या दोन पट्ट्या

यकृताच्या सिरॉसिसमुळे, म्हणजे यकृतात व्रण साचून ते निबर झाल्यामुळे, पोटात पाणी साचले (यालाच जलोदर म्हणतात) की त्या पाण्यालाच जंतुसंसर्ग होण्याचा धोका असतो. आतड्याला भोक पडलेले नसते, पोटात कुठे गळूही नसते, तरी जंतू, बहुतेक वेळा आतड्यातलेच, तिथे वाढू लागतात. ताप, पोटदुखी, ग्लानी ही लक्षणे दिसतातच असे नाही. म्हणून सुईने थोडे पाणी काढून तपासावे लागते. त्यात दर घन मिलिमीटरमागे २५० किंवा अधिक न्यूट्रोफिल, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, आढळल्या की संसर्ग आहे असे धरून प्रतिजैविक सुरू करतात. कल्चरचे, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचे, उत्तर यायला एक-दोन दिवस तरी लागतात आणि संसर्ग असूनही अनेकदा त्यात जंतू वाढतच नाहीत, त्यामुळे सारी भिस्त पेशीगणनेवर असते. आणि ती करणारे कुणी रात्री-अपरात्री हाताशी असेलच असे नाही. काही मिनिटांत रंग दाखवणाऱ्या स्वस्त पट्टीचा मोह पडतो तो इथे.

अशा पट्ट्या दोन प्रकारच्या आहेत आणि बऱ्याचदा त्या एकच समजल्या जातात. पहिली लघवी तपासण्याची नेहमीची पट्टी. दुसरी तशीच दिसणारी, पण जलोदराच्या पाण्यासाठी मुद्दाम बेतलेली. दोन्हींचे रसायन एकच आहे. न्यूट्रोफिलमध्ये ल्युकोसाइट एस्टरेज नावाचे विकर (एन्झाइम) असते. ते पट्टीवरच्या चौकोनातील द्रव्याचे विघटन करते आणि फिकट चौकोन जांभळा होत जातो. जंतू असे कोणतीच पट्टी पाहत नाही, दोन्हींना कळतो तो पेशींचा मागमूस. फरक आहे तो किती पेशी असल्यावर रंग उमटावा, यात. लघवीची पट्टी लघवीच्या घटकांशी जुळवलेली असते, तर जलोदराच्या पाण्यात प्रथिने असतात आणि त्याची घडण वेगळी असते.

या फरकाचे मोल २००७ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील एका मोठ्या, अनेक रुग्णालयांत मिळून केलेल्या अभ्यासात दिसले. लघवीच्या पट्टीने २,१२३ नमुने तपासले गेले; त्यांपैकी ११७ नमुन्यांत खरोखर संसर्ग होता आणि पट्टीने ओळखले फक्त ५३. म्हणजे ६४ नमुने संसर्ग असूनही निर्दोष ठरले. गंमत अशी की ‘संसर्ग नाही’ हे पट्टीचे उत्तर तरीही सुमारे ९७ टक्के वेळा बरोबर निघाले. हा आकडा फसवा आहे, कारण मुळात संसर्गच साडेपाच टक्के नमुन्यांत होता. डोळे मिटून प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणणाराही साडेचौऱ्याण्णव टक्के वेळा बरोबर ठरला असता. उलट पट्टीने ‘आहे’ म्हटलेल्या ६८ नमुन्यांपैकी ५३ खरे होते. तेव्हा या पट्टीचा होकार बऱ्यापैकी गांभीर्याने घ्यावा, नकार मात्र मुळीच नाही.

जलोदरासाठी बेतलेल्या पट्टीचे नेमके उलटे आहे. तिच्यावरील पहिला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. पाण्यात बुडवून तीन मिनिटांनी ती वाचायची आणि रंगाची किंचित छटा उमटली तरी होकार धरायचा. उंबरठा इतका खाली ठेवल्याने संसर्ग निसटण्याची शक्यता फार कमी होते, पण संसर्ग नसलेले कितीतरी नमुनेही रंगतात. त्यामुळे चौकोन कोरा राहिला तर संसर्ग नसण्याचा भरवसा पुष्कळ वाढतो आणि रंगला तर निदान झाले असे नव्हे, पेशी मोजायला हव्यात एवढेच कळते. एकीचा नियम दुसरीला लावला तर एकात रुग्णाचा संसर्ग दुर्लक्षित राहतो, दुसऱ्यात विनाकारण प्रतिजैविक दिले जाते. माझ्या मते पहिली चूक कितीतरी महाग आहे, कारण या आजारात उपचाराला झालेला उशीर जिवावर बेततो.

युरोपीय यकृत संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनी नित्याच्या निदानासाठी अशा पट्ट्यांची शिफारस केलेली नाही, हेही ध्यानात असावे. कोणतीही पट्टी वापरली तरी तेच पाणी पेशीगणनेसाठी ईडीटीए (गुठळी होऊ न देणारे द्रव्य) असलेल्या नळीत आणि कल्चरसाठी रक्ताच्या कल्चरच्या बाटल्यांत, रुग्णाच्या खाटेजवळच, भरून पाठवायचे असते. पाणी रक्ताळलेले असेल तर पट्टीवरचा रंग वाचणेच अवघड होते. पेशीगणनेत मात्र त्याची सोय आहे: दर २५० तांबड्या पेशींमागे एक न्यूट्रोफिल वजा करून उरलेला आकडा धरतात.