पहिल्या एक्सबॉक्सचं मॉडिंग: किल्ली, कायदा आणि गळका कपॅसिटर

मायक्रोसॉफ्टचा पहिला गेम कन्सोल, एक्सबॉक्स, नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेत विक्रीला आला. झाकण उघडून पाहणाऱ्यांना आत ओळखीचाच ऐवज दिसला: ७३३ मेगाहर्ट्‌झचा इंटेल प्रोसेसर, ६४ एमबी मेमरी आणि हार्डडिस्क. म्हणजे कुलूप घातलेला पीसीच. मग कुलपाशी खटपट, म्हणजेच मॉडिंग, होणार नाही, हे शक्यच नव्हतं.

मायक्रोसॉफ्टने मान्य केलेलेच प्रोग्राम चालू देणाऱ्या या कुलपाची किल्ली, म्हणजे एक गुप्त संकेत, एका चिपच्या पोटातल्या ५१२ बाइटच्या रॉममध्ये (न बदलणाऱ्या मेमरीत) दडवली होती. एमआयटीत पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू हुआंग यांनी चिप फोडली नाही. त्या चिपकडून प्रोसेसरकडे जाणारा डेटा वाटेतच टिपला. किल्ली तिजोरीत ठेवलेली, पण नेताना उघड्यावरून नेलेली! २००२ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं, तेही धाकधुकीतच, कारण डिजिटल कुलपं तोडण्यावर बंदी घालणारा डीएमसीए हा कायदा अमेरिकेत १९९८ पासून होता.

पुढे कुलपाला बगल देणाऱ्या, बोर्डावर जोडायच्या मॉडचिपा आल्या, आणि नंतर सोल्डरिंगचीही गरज उरली नाही. 'मेकअसॉल्ट'सारख्या गेमची मुद्दाम बिघडवलेली सेव्ह फाइल उघडली की कन्सोलचा ताबा मिळे. यालाच सॉफ्टमॉड म्हणतात. अनेकांनी तो चोरीचे गेम चालवण्यासाठी केला, हे नाकारण्यात अर्थ नाही. असे कन्सोल एक्सबॉक्स लाइव्ह या ऑनलाइन खेळाच्या सेवेवरून हद्दपारही झाले. पण याच उघड्या दारातून २००२ मध्ये चित्रपट-गाणी चालवणारा एक्सबॉक्स मीडिया प्लेयर आला. त्याचं पुढे एक्सबीएमसी झालं, ते पीसीवर पोहोचलं आणि २०१४ मध्ये 'कोडी' झालं. कोडी वापरणाऱ्या कितीतरी जणांनी तो कन्सोल कधी पाहिलेलाही नसेल.

आज धोक्यांचं स्वरूप बदललं आहे. वॉरंटी केव्हाच संपली; जुन्या एक्सबॉक्ससाठीची लाइव्ह सेवाही एप्रिल २०१० मध्ये बंद झाली. खरी भीती आता हार्डडिस्कची. प्रत्येक डिस्क आपल्याच मदरबोर्डशी पासवर्डने बांधलेली असते आणि त्या पासवर्डची किल्ली बोर्डावरच्या ईईप्रॉम या छोट्या मेमरी चिपमध्ये असते. तिचा बॅकअप न घेता बोर्ड मेला, तर चांगली डिस्कही अडकून पडते. म्हणून सॉफ्टमॉड केल्यावर आधी ईईप्रॉमची प्रत दुसरीकडे ठेवायची, बाकीचं मग. चालू कन्सोलमधून डिस्कची केबल उपसून पीसीला लावण्याची जुनी 'हॉटस्वॅप' युक्ती तर आता करूच नये. इतक्या जुन्या डिस्कला तो धक्का सोसेलच असं नाही.

दुसरा शत्रू मॉडिंगशी संबंधितच नाही. घड्याळासाठी बसवलेला कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) कालांतराने गळतो आणि त्यातला द्रव बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खातो. कन्सोलची १.६ ही शेवटची आवृत्ती यातून बरीचशी सुटली. बाकीच्या कन्सोलांत तो काढून टाकणंच बरं. त्यावाचून कन्सोल नीट चालतो, फक्त प्लग काढला की वेळ विसरतो.