पाणीदार खडा पाठवण्याआधी

ओढ्यात, डोंगरउतारावर किंवा खाणीच्या राड्यारोड्यात सापडलेला पारदर्शक खडा आमच्याकडे तपासायला घेऊन येणारे बहुतेक जण पहिलं वाक्य तेच बोलतात: "काचेवर घासून बघितला, काच ओरखडली. म्हणजे हिराच ना?" खडा हातात घेतला की त्याचं टोक टवके उडालेलं दिसतं. ज्या टोकावरून आम्ही तो झटकन ओळखला असता, तेच काचेवर खर्ची पडलेलं असतं.

काच ओरखडली यातून एवढंच कळतं की खडा काचेहून कठीण आहे. खनिजतज्ज्ञ मोह्स यांनी 1812 मध्ये मांडलेल्या कठिनतेच्या 1 ते 10 या श्रेणीत (आकडा मोठा तितकं खनिज कठीण) साधी काच साडेपाचच्या आसपास बसते. फेल्डस्पार (खडकांत सर्रास आढळणारं खनिज) 6, क्वार्ट्झ 7, टोपाझ (पुष्कराज) 8 आणि हिरा 10. ही सगळीच खनिजं काच ओरखडतात. त्यातलं क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, जमिनीवर जिथे तिथे सापडतं. वाळूचे बहुतेक कणही त्याचेच असतात. तुमचा खडा क्वार्ट्झ असेल तर त्याचं आणि पांढऱ्या गारगोटीचं खनिज एकच, फक्त हा खडा मोकळ्या जागेत सावकाश वाढला म्हणून त्याला पैलू आले. क्वार्ट्झला हिरा समजणारे तुम्ही पहिले नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या हर्किमर भागात दोन्ही बाजूंना टोक असलेले इतके चमकदार क्वार्ट्झ सापडतात की त्यांना आजही 'हर्किमर डायमंड' म्हणतात.

शिवाय काचेवरची रेघ फसवते. मऊ खडा घासला की त्याचीच भुकटी काचेवर बसते आणि ओरखड्यासारखी दिसते. ओलं बोट फिरवा. पुसली गेली तर ती भुकटी. खरा ओरखडा नखाला अडकतो. दुसरी फसगत याहून वाईट: कॅल्साइटची, म्हणजे चुनखडीतल्या खनिजाची, कठिनता फक्त 3, पण त्याला वाळूचा एखादा कण चिकटलेला असला तर तो कण काच ओरखडतो आणि श्रेय कॅल्साइटला मिळतं. म्हणून खडा आधी धुवा, आणि घासायचाच असेल तर तुटलेल्या बाजूची एखादी कड घेऊन एकच छोटी रेघ मारा. टोक नको, पैलूही नकोत.

टोकाबद्दल आम्ही इतके हळवे का, ते सांगतो. क्वार्ट्झच्या खड्याला कडेने सहा पैलू असतात आणि शेजारच्या दोन पैलूंमधला कोन 120 अंशांचा. खडा चपटा असो, वाकडातिकडा असो, एक पैलू रुंद आणि दुसरा दोऱ्याएवढा असो, कोन बदलत नाही. हे डॅनिश शास्त्रज्ञ निकोलस स्टेनो यांनी 1669 मध्ये क्वार्ट्झवरूनच दाखवलं. पण बेरिलही (पाचू ज्याचा प्रकार आहे ते खनिज) षट्कोनी असतं आणि त्याचाही कोन 120 अंशच भरतो. तिथे निवाडा टोक करतं. बेरिलचा माथा बहुधा सपाट असतो. क्वार्ट्झ निमुळतं होत जातं, आणि त्याच्या टोकाच्या सहा पैलूंत पुष्कळदा एकाआड एक तीन मोठे, तीन लहान दिसतात. कडेचा पैलू आणि टोकाचा पैलू यांच्यातला कोन सुमारे 142 अंश येतो. टवका उडालेल्या टोकावर यातलं काहीच नीट मोजता येत नाही. मग पाच मिनिटांचं काम घनता, ध्रुवित प्रकाश (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश) आणि अपवर्तनांक (खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो त्याचं माप) अशा लांबच्या वाटेने करावं लागतं.

घरी करण्यासारखी आमची सर्वांत आवडती तपासणी रेघांची आहे. कोरडा खडा दिव्याखाली तिरका धरून सावकाश फिरवा. कडेच्या पैलूंवर बारीक रेघा आडव्या, म्हणजे खड्याच्या लांबीला काटकोनात दिसल्या, तर क्वार्ट्झच्या बाजूने मोठा पुरावा मिळाला. टोपाझ आणि ॲपोफिलाइट (आणखी एक पारदर्शक खनिज) यांच्या रेघा लांबीच्या दिशेने जातात. खडा ओला असेल तर रेघा बुजतात. म्हणून फोटो पाठवताना तो कोरडा ठेवा, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि प्रकाश एका बाजूने येऊ द्या. दहा पट दाखवणारं भिंग असेल तर उत्तम. आमच्याकडे मिळतं, पण तुमच्याजवळचं चांगलं असेल तर नवीन घेऊ नका.

तुटलेली बाजूही पाहा. क्वार्ट्झ शिंपल्याच्या आतल्या भागासारखं वळसे घेत फुटतं. कॅल्साइट तिरक्या चौकटीसारख्या सपाट तुकड्यांत फुटतं आणि त्यातून पाहिलेलं अक्षर दोनदा दिसतं. काचही वळसे घेऊन फुटते. तिच्यात गोल बुडबुडे दिसू शकतात, आणि हातात ती क्वार्ट्झइतकी गार लागत नाही.

खडा पाण्यात घासून गोटा झाला असेल तर पैलू गेले, रेघाही गेल्या. मग घनता मोजा. डिजिटल काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. खडा दोऱ्याला बांधून तळाला न टेकवता पूर्ण बुडवा. काटा जितके ग्रॅम दाखवेल त्याने खड्याच्या कोरड्या वजनाला भागा. 53 ग्रॅमच्या खड्याला काटा 20 दाखवत असेल तर उत्तर 2.65, म्हणजे नेमकी क्वार्ट्झची घनता. टोपाझ आणि हिरा साडेतीनच्या आसपास येतात. कॅल्साइट 2.71 येतं, तेव्हा नुसत्या घनतेवर त्याला वेगळं काढू नका. पूर्ण ग्रॅमच दाखवणाऱ्या काट्यावर लहान खड्याची घनता मोजण्यात अर्थ नाही. तो आमच्याकडे द्या, आमचा काटा मिलिग्रॅमपर्यंत मोजतो.

"निघालं क्वार्ट्झच, मग शुल्क पूर्ण कशाला?" असं आम्हाला वारंवार विचारलं जातं. खडा क्वार्ट्झ आहे हे सिद्ध करायला तेवढंच काम लागतं जेवढं तो टोपाझ आहे हे सिद्ध करायला. अहवालात आम्ही मोजलेले आकडे लिहून देतो, म्हणजे दुसऱ्या कुणाकडूनही ते पडताळून घेता येतात. नुसत्या फोटोवरून लेखी उत्तर देत नाही. अंदाज मात्र आनंदाने सांगतो, त्याचे पैसे घेत नाही.

पाठवताना खडा आम्लात टाकून स्वच्छ करू नका. त्याला चिकटलेलं कॅल्साइट विरघळून जातं, आणि तो कशासोबत वाढला हे सांगणारा पुरावाही त्याबरोबर जातो. उकळत्या पाण्यातून थंड पाण्यात तर मुळीच टाकू नका, आत द्रवाचे सूक्ष्म कप्पे असले तर तडा जाऊ शकतो. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा. मूळ दगडाचा तुकडा मिळाला असेल तर तोही द्या, आणि कुठे, कशा दगडात सापडला ते चिठ्ठीवर लिहा. प्रत्येक खडा वेगळ्या कागदात गुंडाळा, एकमेकांवर घासले की क्वार्ट्झ क्वार्ट्झलाही ओरखडतं. टोकाभोवती कापसाचा जाड थर द्या आणि डब्यावर टोकाची बाजू बाणाने दाखवा, म्हणजे उघडताना आमचाही हात तिकडून लागणार नाही.