मिठाच्या पाण्यातले धान : 3 टक्के की 17?

पऱ्हे (धानाची रोपवाटिका) टाकण्याआधी धानाचे बियाणे मिठाच्या पाण्यात बुडवा आणि वर आलेले काढून टाका, ही शिफारस भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत दर खरिपाला होते. तरंगण्याबुडण्याचा नियम दोन हजार वर्षांहून जुना आहे. धानाच्या बियाण्याला तो पद्धतशीरपणे लावला गेला जपानमध्ये, 1882 च्या सुमारास. आपल्याकडे हे काम वारा करायचा. उपणताना पोचट दूर उडायचे, भरलेले पायाशी पडायचे. अर्धवट भरलेला दाणा मात्र बियाण्यातच राहून जायचा.

खरा वाद या अर्धवट दाण्याचाच आहे. तुसाच्या आतला तांदूळ पाण्याच्या सुमारे 1.4 पट घन असतो, पण तूस आणि तांदूळ यांच्यामधल्या पोकळीत हवा असते. दाणा जितका कमी भरला तितकी हवा जास्त, घनता कमी. अगदी रिकामे दाणे साध्या पाण्यातही वर येतात. अर्धवट भरलेले वर आणायचे तर पाणीच जड करावे लागते.

किती जड, यावर एकमत नाही. महाराष्ट्रात 3 टक्के सांगतात, म्हणजे 10 लिटर पाण्याला 300 ग्रॅम मीठ. सीमेपलीकडे छत्तीसगडमध्ये 17 टक्के, म्हणजे 1 किलो 700 ग्रॅम. सीमेलगतच्या देवरी-कोरचीकडे दोन्ही प्रमाणे कानावर येतात आणि माणूस बुचकळ्यात पडतो. आकडे मांडले की फरक स्पष्ट होतो. साध्या पाण्याची घनता 1 धरली तर 3 टक्क्यांच्या पाण्याची जेमतेम 1.02 असते, 17 टक्क्यांच्या पाण्याची 1.1 च्या आसपास. जपानमध्ये साध्या, म्हणजे चिकट नसलेल्या, धानासाठी 1.13 धरतात. ताजे अंडे पहिल्या पाण्यात तळाशी जाते, दुसऱ्यात तरंगते. म्हणजे 3 टक्क्यांत निघते ते मुख्यतः पोचट आणि रोगाने पोखरलेले बी. अर्धवट दाणे बरेचसे भरलेल्यांबरोबर तळाशीच बसतात. मीठ कमी लागते आणि बियाणे फार वाया जात नाही, ही 3 टक्क्यांची जमेची बाजू खरीच. पण घरचे बियाणे वापरणाऱ्याला दोन्ही प्रमाणांतला हा फरक कुणीतरी समजावून सांगायला हवा, आणि तेच होत नाही.

प्रमाण कोणतेही असो, बी टाकल्यावर नीट ढवळावे लागते. कोरड्या तुसाला चिकटलेले बुडबुडे चांगला दाणाही वर धरून ठेवतात. तरंगलेले लगेच काढायचे, तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोनदा धुवायचे आणि सावलीत सुकवायचे. मीठ राहिले तर उगवण बिघडते.

1966 नंतर अधिक उत्पन्नाचे वाण आणि प्रमाणित बियाण्याच्या पिशव्या आल्या, तशी घरी बी निवडण्याची गरज कमी होत गेली. संकरित धानाने ती आणखी घटवली, कारण त्याचे बी दरवर्षी विकतच घ्यावे लागते. औषध लावलेले रंगीत बी तर मिठाच्या पाण्यात घालायचेच नसते, औषध धुऊन जाते. त्यामुळे आज हा प्रश्न उरला आहे तो सरळ (संकरित नसलेल्या) वाणांचे घरचे बी राखणाऱ्यांपुरता. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात, असे शेतकरी अजूनही आहेत. नागभीड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने निवडून काढलेला एचएमटी वाण अशाच घरच्या निवडीतून आला.