नावं बदलली, बारांगाय तेच: रॉबर्ट जावोर्स्कीच्या कारकिर्दीची पार्श्वभूमी

फिलिपिन्सच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, म्हणजे पीबीएच्या, विजेत्यांची यादी चाळली की १९८६ मध्ये हिनेब्रा सान मिगेल, १९८८ मध्ये आन्येहो रम ६५, १९९१ मध्ये पुन्हा हिनेब्रा आणि १९९७ मध्ये गॉर्डन्स जिन अशी नावं सापडतात. नवख्याला हे तीन वेगळे संघ वाटतात. प्रत्यक्षात संघ एकच, मालक एकच आणि चारही वेळा प्रशिक्षकही एकच: रॉबर्ट जावोर्स्की. मद्य बनवणाऱ्या कंपनीला त्या वर्षी जी बाटली खपवायची असेल, तिचं नाव संघाच्या छातीवर यायचं. प्रेक्षक मात्र संघाला हिनेब्राच म्हणत राहिले. असं का झालं, हे समजायला जावोर्स्कीची कारकीर्द पहिल्यापासून पाहावी लागते, कारण पीबीएचे आकडे तिचा फक्त उत्तरार्ध दाखवतात.

जावोर्स्कीचा जन्म ८ मार्च १९४६चा, बागियो शहरातला. वडील पोलिश वंशाचे अमेरिकन, आई उत्तर फिलिपिन्समधल्या इलोकानो समाजातली. उंची सहा फूट एक इंच, गार्डच्या, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या खेळाडूच्या, जागेसाठी त्या काळी भरपूर; त्यात अंगात रिबाउंड, म्हणजे बास्केट हुकून परतलेला चेंडू, खेचून आणण्याइतकी ताकद. मनिलाच्या युनिव्हर्सिटी ऑफ द ईस्टमध्ये त्याला बेबी दालुपान हे प्रशिक्षक लाभले. हे नाव लक्षात ठेवायला हवं, पुढे ते दोनदा येणार आहे. १९६७ मध्ये सोलला आशियाई अजिंक्यपद जिंकणाऱ्या राष्ट्रीय संघात तो होता आणि १९६८ मध्ये मेक्सिको ऑलिंपिकलाही गेला.

त्या काळी देशातलं वरच्या दर्जाचं बास्केटबॉल 'मिका' नावाच्या स्पर्धेत खेळलं जाई. तिथले संघ कारखान्यांचे आणि कंपन्यांचे, आणि खेळाडू कागदोपत्री हौशी. जावोर्स्की वीज कंपनी मेराल्कोकडून खेळायचा. १९७१ मध्ये क्रिस्पाविरुद्धच्या सामन्यात त्याने आणि सहकारी आल्बर्टो रेनोसोने पंचांवर हात टाकला. दोघांवर आजन्म बंदी आली. ही चूक लहान नव्हती आणि ती झाकण्याचं कारणही नाही. बंदी उठली ती १९७३ मध्ये, मनिलात आशियाई स्पर्धा भरणार होती आणि राष्ट्रीय संघाला हे दोघे हवे होते म्हणून. फिलिपिन्सने ती स्पर्धा जिंकली आणि १९७४ मध्ये पोर्तो रिकोतल्या जागतिक स्पर्धेत जागा मिळवली. त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं जावोर्स्की देशाच्या संघात दिसत नाही. यामागे फॉर्म नव्हता, नियम होता.

राष्ट्रीय संघटना कंपन्यांच्या संघांमधून मनाला येईल तेव्हा खेळाडू उचलून न्यायची, आणि पगार मोजणाऱ्या कंपन्यांना त्यात काहीच म्हणता येत नसे. या कुरबुरीतून नऊ संघ बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची लीग काढली. लिओ प्रिएतो पहिले कमिशनर झाले. ९ एप्रिल १९७५ला केसोन सिटीतल्या कुबाओच्या आरानेता कोलिझियममध्ये पीबीएचे पहिले सामने झाले. आशियातली ही पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. खेळाडू उघडपणे व्यावसायिक झाले आणि त्याच क्षणी आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धा त्यांना बंद झाल्या. ते दार १९८९ मध्ये उघडलं. लीग सुरू झाली तेव्हा जावोर्स्की एकोणतीस वर्षांचा होता. मिकातले गुण पीबीएच्या हिशेबात धरले जात नाहीत, त्यामुळे त्याच्या नावापुढचे आकडे वाचताना त्याची विशीतली सगळी वर्षं वजा झालेली आहेत हे ध्यानात ठेवावं.

लीगची रचनाही थोडी समजून घ्यायला हवी. एका मोसमात साधारण तीन स्वतंत्र स्पर्धा होत; त्यांना 'कॉन्फरन्स' म्हणतात आणि प्रत्येकीचा विजेता वेगळा. एकीत फक्त फिलिपिनो खेळाडू, बाकीच्यांत परदेशी, बहुतेक अमेरिकन खेळाडू घेता येतो. त्याला तिथे 'इम्पोर्ट' म्हणतात. तिन्ही जिंकल्या की ग्रँड स्लॅम. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे संघ कुठल्याच शहराचा नसतो. सामने बहुतेक मनिला परिसरातच, सगळ्यांचे त्याच एक-दोन स्टेडियममध्ये. आपल्या गावाचा संघ म्हणून जीव टाकावा असं काही नाहीच. मग चाहत्याने धरायचं काय? एक तर कंपनी, नाहीतर खेळाडू.

पहिली नऊ वर्षं हा प्रश्न टोयोटा आणि क्रिस्पा यांच्या वैराने झाकून ठेवला. टोयोटाचा संघ मोटारी जुळवून विकणाऱ्या डेल्टा कंपनीचा, प्रशिक्षक दांते सिल्व्हेरियो. क्रिस्पा गंजिफ्रॉक बनवणाऱ्यांचा, आणि त्यांच्या बाकावर तेच बेबी दालुपान. १९७५च्या पहिल्या दोन स्पर्धा टोयोटाने जिंकल्या, तिसरी क्रिस्पाने. १९७६ मध्ये क्रिस्पाने ग्रँड स्लॅम केलं. टोयोटाचं हत्यार होतं वेग. जावोर्स्की बचावात रिबाउंड घ्यायचा आणि एकदाही चेंडू न टप्पावता अर्ध्या मैदानापलीकडे धावत सुटलेल्या फ्रान्सिस आर्नाइसकडे लांब पास फेकायचा. मध्ये उंच रामोन फर्नांडेस. या पासांवरच जावोर्स्कीच्या असिस्टचा, म्हणजे थेट बास्केट करून देणाऱ्या पासांचा, डोंगर उभा राहिला. १९७८ मध्ये तो मोसमातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. वैर किती कडवं होतं, याचा दाखला एप्रिल १९७७चा: सामन्यानंतरच्या मारामारीमुळे दोन्ही संघांच्या खेळाडूंना फोर्ट बोनिफासिओच्या लष्करी कोठडीत रात्र काढावी लागली. देशात तेव्हा मार्शल लॉ होता.

१९८३ नंतर डेल्टा आर्थिक डबघाईला आली आणि टोयोटाने संघ मोडला. खेळाडू एकगठ्ठा दुसऱ्या कंपनीला विकले गेले; तो नवा संघ बिअर हाउझेन. बहुतेक जण गेले. जावोर्स्की आणि आर्नाइस यांनी नकार दिला आणि १९८४ मध्ये ते गिल्बीज जिनकडे गेले. फर्नांडेस नव्या मालकाकडे गेला. जुन्या जोडीदारांत अबोला धरला गेला तो इथून. पुढे जे घडलं त्याचं मूळ मला या नकारात दिसतं: मोटार कंपनीबरोबर आलेला चाहता जावोर्स्कीमागोमाग जिनच्या संघात गेला. लीगमधली निष्ठा कंपनीवरून माणसावर सरकली ती याच वर्षी.

१९८५ मध्ये संघाचं नाव हिनेब्रा झालं आणि एकोणचाळिसाव्या वर्षी जावोर्स्की खेळाडू-प्रशिक्षक झाला. हे काम दिसतं त्याहून अवघड असतं. मैदानावर असताना समोरच्याची आखणी पूर्ण दिसत नाही, आणि बाकावर बसलं तर पाय थंड पडतात. पीबीएचा सामना बारा मिनिटांच्या चार डावांचा, एकूण अठ्ठेचाळीस मिनिटांचा; चाळिशीच्या माणसाला तो पूर्ण झेपत नाही. म्हणून वय वाढलं तसा तो सामना हातघाईवर आला की उतरू लागला. चौथ्या डावात प्रेक्षक त्याच्या नावाचा गजर सुरू करत आणि तो बाकावरून उठे.

२२ ऑक्टोबर १९८५ला नॉर्दर्न सिमेंट संघाविरुद्ध त्याला कोपर लागून ओठ फाटला. त्याला इस्पितळात नेलं, नऊ टाके पडले, आणि तो पट्टी लावून स्टेडियममध्ये परतला. तेव्हा हिनेब्रा पंधरा गुणांनी मागे होता. तो पुन्हा खेळायला उतरला आणि सामना हिनेब्राने जिंकला. 'नेव्हर से डाय' ही या संघाची ओळख त्या रात्रीपासूनची. १९८६ मध्ये बिली रे बेट्स आणि मायकेल हॅकेट या दोन इम्पोर्टच्या जोरावर संघाने पहिलं विजेतेपद मिळवलं, तेही मनिला बिअरविरुद्ध.

याची दुसरी बाजूही होती. १९९० मध्ये शेलविरुद्धच्या अंतिम मालिकेत सहाव्या सामन्याच्या दुसऱ्याच डावात, पंचांच्या निर्णयांवर चिडून, त्याने संघाला मैदानाबाहेर नेलं. विजेतेपद शेलला गेलं आणि साडेपाच लाख पेसोंचा दंड बसला. लढाऊपणा आणि पंचांशी वाकडं, दोन्ही एकाच स्वभावातून आलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वीचा धडा तो पुरता शिकला नव्हता. पुढच्याच वर्षी त्याच शेलविरुद्ध संघ १-३ असा मागे पडला, सलग तीन सामने जिंकला आणि सातव्या सामन्याच्या शेवटच्या क्षणी रूडी दिस्त्रितोच्या बास्केटवर १०४-१०२ असं विजेतेपद घेऊन गेला.

फर्नांडेसबरोबरचा अबोला सुटला १९८९च्या पहिल्या ऑल-स्टार सामन्यात. ज्येष्ठांच्या संघाचे प्रशिक्षक होते दालुपान. बरोबरी असताना शेवटचा पास त्यांनी जावोर्स्कीला द्यायला सांगितला आणि बास्केट फर्नांडेसला करायला. तसंच झालं, सामना १३२-१३० असा संपला, आणि दालुपानांनी दोघांचे हात हातात दिले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय महासंघाने व्यावसायिकांवरची बंदी उठवली. १९९०च्या बीजिंग आशियाई खेळांत फिलिपिन्सचा पहिला पूर्ण व्यावसायिक संघ उतरला तेव्हा त्याचा प्रशिक्षक जावोर्स्की होता आणि संघात फर्नांडेस. चीनकडून अंतिम सामना हरून रौप्यपदक मिळालं.

१९९७ मध्ये, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, त्याने खेळणं थांबवलं. १९९८ मध्ये तो सिनेटवर निवडून गेला आणि बाकही सुटला. पीबीएत ५,८२५ असिस्ट त्याच्या नावावर राहिले. १९९९ मध्ये कंपनीने संघाचं नाव बारांगाय हिनेब्रा केलं. बारांगाय म्हणजे तिथलं सगळ्यात लहान प्रशासकीय एकक, आपल्याकडच्या गावासारखं किंवा वॉर्डासारखं. चाहते स्वतःला आधीपासूनच तसं म्हणवून घेत होते. बाटलीच्या लेबलावर ते उशिरा आलं. ८ जुलै २०१२ला संघाने त्याचा सात क्रमांकाचा शर्ट कायमचा निवृत्त केला.