पेकोरीनो रोमानो : घेण्यापूर्वी एवढे वाचावे

लंडनमधील आमच्या दुकानात येणारे बरेच ग्राहक पेकोरीनो रोमानो हे इटालियन चीज पार्मेझानसारखेच असेल असे समजून घेऊन जातात आणि पहिल्याच वेळी पास्ता खारट झाल्याची तक्रार करतात. पार्मेझान गाईच्या दुधाचे असते, तर हे चीज केवळ मेंढीच्या दुधाचे. इटालियनमध्ये ‘पेकोरा’ म्हणजे मेंढी. नाव त्यावरूनच पडले.

नावात रोम असले तरी यातील बहुतांश चीज आज सार्डिनिया बेटावर तयार होते. १८८४ मध्ये रोमच्या नगरपालिकेने शहरातील दुकानांत चीजला मीठ लावण्यास मनाई केली आणि हा धंदा हळूहळू त्या बेटाकडे सरकला. १९९६ पासून युरोपीय संघाने या नावाला संरक्षण दिले असून सार्डिनिया, लात्सिओ आणि तोस्कानातील ग्रोसेतो प्रांत वगळता इतरत्र बनवलेल्या चीजला ते वापरता येत नाही.

शाकाहारी ग्राहकांनी एक गोष्ट आवर्जून ध्यानात घ्यावी. याचे दूध घट्ट करण्यासाठी कोकराच्या जठरातून मिळणारे रेनेटच वापरतात आणि त्याला नियमाने पर्याय नाही; किंचित झोंबणारी तिखट चव त्यातूनच येते. हे आम्ही विक्रीपूर्वी सांगतो, पण गर्दीत राहून गेल्यास आपणच विचारावे.

गुळाच्या मोठ्या ढेपेसारखा दिसणारा एकेक गोळा २० ते ३५ किलोंचा असतो. त्याला मीठ लावून तो मुरवत ठेवतात : नुसते खाण्यासाठी किमान पाच महिने, किसण्यासाठी किमान आठ. सुरी घातली की जुना तुकडा सरळ कापला न जाता पांढरट कण सांडत फुटतो. तो बिघाड नव्हे.

‘काचो ए पेपे’ हा चीज आणि मिरीचा पास्ता करताना पास्त्याच्या पाण्यात मीठ नेहमीच्या निम्मेच घालावे. चीज अगदी बारीक किसून कोमट झालेल्या त्याच पाण्यात कालवावे आणि भांडे आचेवरून उतरवल्यावरच पास्त्यात मिसळावे. आच चालू ठेवल्यास त्याच्या चिवट गाठी होतात. रोममध्ये १ मे रोजी ताज्या वालासारख्या कोवळ्या फावा बियांबरोबर हे चीज कच्चेच खातात, आणि आमच्या मते ती चव पास्त्याहून सरस आहे.

उरलेला तुकडा बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. घट्ट प्लास्टिकमध्ये त्याला पाणी सुटते.