ठाण्यातला फ्लॅट, टोरंटोतली वारस: नावावर करताना काय काय लागतं

"बाबांनी नॉमिनेशन केलंय ना, मग अडलंय कुठे?" बाबा गेल्यावर बहिणीने टोरंटोहून फोनवर विचारलं. नॉमिनी मीच होतो, आणि मलाही तेव्हा तसंच वाटत होतं. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांसाठी सांभाळणारा. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते, इतकंच. मालकी ठरते ती मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने.

वारस परदेशात असला म्हणून हक्क बुडत नाही. एनआरआय असो की परदेशी पासपोर्ट घेतलेला ओसीआय कार्डधारक, वडिलांचं घर त्याला वारशाने मिळतं. शेतजमीन त्याला विकत घेता येत नाही, वारशाने मात्र मिळते. मृत्युपत्र नसेल तर हिंदू कुटुंबात १९५६ चा उत्तराधिकार कायदा लागतो: वडिलांच्या पश्चात त्यांची आई, पत्नी, मुलगे, मुली यांचा हिस्सा सारखा. मुलगी लग्न होऊन कॅनडाला गेली म्हणून तो कमी होत नाही. वारशावर आपल्याकडे कर नाही. इस्टेट ड्यूटी १९८५ मध्येच गेली.

मृत्युपत्र इथलंच आणि मालमत्ताही इथलीच असेल, तर ठाणे-नवी मुंबईत प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या न्यायालयाच्या शिक्क्याची, सक्ती नव्हतीच. ती मुंबई शहरापुरती होती, आणि २०२५ मध्ये तीही उठली. तरी काही सोसायट्या मागतात, तेव्हा कोणत्या नियमाखाली ते लेखी विचारा. मृत्युपत्रच नसेल तर फ्लॅटसाठी दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला, आणि बँकेतल्या ठेवी-शेअर्ससाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र. हे दोन वेगळे कागद आहेत. एकाचा अर्ज करून दुसऱ्याची वाट बघत बसलेले लोक मी पाहिलेत.

कागद गोळा करताना आमची खरी दमछाक झाली ती नावांनी. सोसायटीने फ्लॅटसाठी दिलेलं शेअर सर्टिफिकेट आईच्या कपाटात, पैठणीखाली मिठाईच्या पिशवीत सापडलं. त्यावर बाबांचं नाव इंग्रजीत एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्याने. बहिणीच्या जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. त्यासाठी लग्नाचा दाखला आणि 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र जोडावं लागलं. बाकी यादी साधी: महापालिकेचा मृत्युदाखला (आठ-दहा प्रती काढा, पुरत नाहीत), नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू (त्या करारनाम्याचा नोंदणी कार्यालयातला उतारा), सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, वारसांचे पासपोर्ट आणि पॅन कार्ड. नॉमिनेशनही नसेल तर सोसायटी दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस देते, हरकती मागवते आणि हमीपत्र घेते.

एका वारसाने दुसऱ्यासाठी हिस्सा सोडायचा असेल तर हक्कसोड पत्र करा. जवळच्या नात्यात, मोबदला न घेता केलं तर मुद्रांक शुल्क ५०० रुपये, पण दुय्यम निबंधकाकडे नोंदणी हवीच. साध्या कागदावर लिहून दिलेल्या 'माझी हरकत नाही'ने मालकी सरकत नाही.

प्रत्यक्ष यायला जमत नसेल तर कुलमुखत्यारपत्र. ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करावं, किंवा नोटरी करून अपोस्टिल (कागद खरा असल्याचा तिथल्या सरकारचा शिक्का) घ्यावं. इथेच आम्ही आपटलो. बहिणीचा लिफाफा कुरियरने आला, मी 'दिवाळीनंतर बघू' म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवला. परदेशात केलेला कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडे नेऊन त्यावर मुद्रांक लावावा लागतो. आमचे चार महिने उलटले, आणि बिचारीला रजा टाकून पुन्हा वकिलातीत जावं लागलं. कुलमुखत्यारपत्रात अधिकारही नेमके लिहा: सोसायटीत सही, न्यायालयात अर्ज, नोंदणी. विक्री करायची नसेल तर विक्रीचा शब्दही नको.

वाशी-नेरूळकडे आणखी एक दार आहे. तिथली बहुतेक जमीन सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेली, त्यामुळे सोसायटीपाठोपाठ सिडकोच्या दप्तरीही वारसांची नावं चढवून घ्यावी लागतात. ठाण्यात स्वतंत्र घर किंवा जमीन असेल तर मिळकत पत्रिका, सातबारा. सातबाऱ्यावर वारस नोंदीसाठी तीन महिन्यांत कळवायचं असतं. मालमत्ता कर आणि वीजबिलावरचं नाव शेवटी बदललं तरी चालतं.

पैशाचं म्हणाल तर वारशाची रक्कम एनआरओ खात्यात, म्हणजे परदेशस्थांच्या इथल्या रुपयातल्या खात्यात, जमा होते. तिथून एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. बँक सीएचं प्रमाणपत्र मागते. एनआरआय वारसाने फ्लॅट विकला तर खरेदीदाराला पैसे देतानाच कर (टीडीएस) कापावा लागतो, दीर्घकालीन नफ्याचा दर १२.५ टक्के, वर अधिभार आणि उपकर. एरवी तो सगळ्या किमतीवर कापला जातो. म्हणून नफ्यापुरताच कापावा यासाठी आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र घ्या, आणि तो अर्ज खरेदीदाराकडून टोकन रक्कम घेण्याआधी करा.