तप्तकुंड

जमिनीतून आपोआप वर येणाऱ्या गरम पाण्याच्या झऱ्याभोवती बांधलेले, स्नानासाठी पवित्र मानलेले कुंड. कोकणात अशा झऱ्याला ‘उन्हाळे’ म्हणतात. गरम पाण्याला आपण ‘ऊन पाणी’ म्हणतो ना, तोच शब्द उन्हवरे, उन्हेरे या गावांच्या नावांत टिकून आहे. पावसाचे किंवा बर्फाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरते, तिथे तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते.

भाविकाला इथे दिसतो तो पाण्यात राहणारा अग्नी. एरवी पाण्याने अग्नी विझतो. ऋग्वेदातला ‘अपां नपात्’, म्हणजे पाण्याचा पुत्र मानलेला अग्नी, मात्र पाण्यातच, इंधनाशिवाय तेवतो. स्नानाची शुद्धी आणि अग्नीची शुद्धी एकाच डुबकीत मिळते, हे तप्तकुंडाचे खरे माहात्म्य. गंधकाच्या पाण्याने कातडीचे विकार बरे होतात ही समजूत सर्वत्र आहे, पण तेवढ्यावर या कुंडांचे तीर्थपण उभे नाही.

बद्रीनाथचे तप्तकुंड हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. सर्वभक्षी होण्याचा शाप मिळालेल्या अग्नीला पापमुक्तीसाठी नारायणाने इथे ठाव दिला, अशी कथा आहे. म्हणून हे अग्नितीर्थ. मंदिर वर, कुंड त्याच्या पायथ्याशी आणि लगेच खाली बर्फाळ अलकनंदा. गरम कपडे उतरवताना यात्रेकरूचे दात वाजत असतात आणि पाण्यात पाय टाकताच चटका बसतो. आधी तांब्याने अंगावर पाणी घ्यायचे, मग हळूहळू उतरायचे. ओल्या केसांतून वाफ निघत असतानाच माणसे दर्शनाच्या रांगेकडे वळतात. थकवा जातो हे खरेच, पण चालत आलेला माणूस या पाण्यातून यात्रेकरू होऊन बाहेर पडतो, असे मला वाटते.

यमुनोत्रीच्या सूर्यकुंडात तर स्नान शक्यच नाही, इतके ते पाणी कढत असते. यमुना ही सूर्याची कन्या, तेव्हा तिच्या उगमाशी बापाची ऊब असावी हे ओघानेच आले. भाविक तांदूळ-बटाट्याची पुरचुंडी कापडात बांधून कुंडात सोडतात आणि शिजलेला भात प्रसाद म्हणून घरी नेतात. शेजारच्या दिव्यशिलेची पूजा आधी होते, मग यमुनेचे दर्शन. हिमाचलातल्या मणिकर्णला शिव-पार्वतीची कथा आहे आणि गुरुद्वाराही. तिथल्या लंगरचे अन्नही या उकळत्या पाण्यावर शिजते.

महाराष्ट्रात वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही तानसा नदीकाठची कुंडे प्रसिद्ध आहेत. देवीने मारलेल्या दैत्यांचे रक्त म्हणजे हे ऊन पाणी, असे लोक सांगतात. १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी नवस फेडण्यासाठी वज्रेश्वरीचे मंदिर उभारले.

बिहारमधल्या राजगीरच्या ब्रह्मकुंडावर अधिक मासात मोठी यात्रा भरते. एरवी मंगलकार्यांना वर्ज्य असलेला हा महिना इथे सगळ्या देवांच्या मुक्कामाचा मानला जातो.

केदारनाथच्या वाटेवरचे गौरीकुंड, जिथे पार्वतीने तप केले असे मानतात, जून २०१३ च्या महापुरात उद्ध्वस्त झाले. त्याआधी पायी चढाई सुरू करताना यात्रेकरू तिथे स्नान करून निघत.